सापळे सर आणि सोलापुरी चादर

संग्राम मोहिते सर एका शब्दाच्या वर सहसा जात नसत. सावधान, विश्राम, पुढे, मागे आणि गप. एवढ्या शब्दसंपत्तीवर त्यांनी तासगावच्या उद्योगवर्धिनी प्रशालेत शारीरिक शिक्षणाचा सगळा संसार चालवला होता. मैदानावर त्यांचा आवाज असा होता की ते 'सावधान' म्हणाले की शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवरचं गिऱ्हाईकसुद्धा कप खाली ठेवून सरळ होई.

काळ फार पुढचा नाही. एसटी विजेवर धावू लागली होती, पण तिची खिडकी पूर्वीसारखीच अडकत होती. द्राक्षबागांवर औषध ड्रोन फवारत आणि बेदाण्याच्या भावाची चर्चा मात्र अजून माणसंच करत. संग्राम, अभिजित, शीतल, प्रियांका ही आता वडीलधाऱ्यांची नावं झाली होती, ती ऐकली की बसमधली तरुण मंडळी आदराने उठून जागा देत.

शीतल म्हणजे सरांची पत्नी. त्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. सर जितके मोजून बोलत तितक्या मॅडम न मोजता बोलत, त्यामुळे घराची सरासरी बरी होती. मॅडमना हातांनी करून दाखवल्याशिवाय शिकवता येत नसे. एकदा त्यांनी हृदयाच्या झडपा समजावून सांगताना घरातल्या टाकीचा बॉल कॉक काढून शाळेत नेला होता. शाळेला झडपा समजल्या आणि सरांनी अंघोळ शेजाऱ्यांकडे केली.

अशा बाईंना पुण्याहून बोलावणं आलं, यात नवल नाही. तिथल्या कायाविद्या केंद्रात शाळांसाठी शरीराची मॉडेल्स तयार होत. पोरांच्या हाताला काय जमतं आणि काय जमत नाही हे कळणारं माणूस त्यांना दोन वर्षांसाठी हवं होतं. मॅडमनी निरोप जेवताना वाचून दाखवला. वाचताना आवाज सरळ ठेवला होता, पण हातातली पोळी निष्कारण बारीक बारीक तुकडे होऊन ताटात पडत होती.

"मग? काय करू?" त्यांनी विचारलं.

सरांच्या मनात पुष्कळ काही आलं. जा, असं आलं. जाऊ नको, असंही आलं. दोन्ही एकदम दाराशी आली आणि दारात अडकली. मग तिसरंच काहीतरी बाहेर पडलं.

"तुझी इच्छा."

मराठी नवरा 'तुझी इच्छा' म्हणतो तेव्हा तो परवानगी देतो की नाकारतो, यावर आजवर कोणाचंही एकमत झालेलं नाही. बायकांना मात्र अर्थ बरोबर कळतो. मॅडमनी ताट उचललं आणि मोहित्यांच्या घरात अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे भांडण असं बाहेरच्यांना वाटतं. ती खरं तर एक व्यवस्था आहे आणि तिला कडक नियम असतात. जेवायला वाढायचं, पण 'अजून घ्या' म्हणायचं नाही. चष्मा शोधून द्यायचा, पण तो हातात न देता समोर ठेवायचा. पूर्वी अशा वेळी निरोपानिरोपीला मुलं उपयोगी पडत. मोहित्यांचा मुलगा नोकरीनिमित्त जहाजावर होता, म्हणून ते काम गणूकडे आलं. गणू म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा बोलका डबा. तो दिवे लावी, पाणी तापवी आणि सांगितलेलं दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरवरून सांगे. फक्त कारखान्यातून येतानाच त्याचा स्वभाव फार सौजन्याचा करून पाठवला होता.

"गणू, सरांना सांग, आमटीत मीठ कमी वाटलं तर डबा वरच्या फळीवर आहे. हात आहेत त्यांना."

बाहेरच्या खोलीत गणू म्हणाला, "सर, मॅडमना आपल्या चवीची काळजी वाटते. आपल्या हातांचंही त्या कौतुक करत होत्या."

"मी असं काहीही म्हटलेलं नाही!" मॅडम आतून ओरडल्या. ते सरांना ऐकू गेलं, पण नियमाप्रमाणे गेलं नाही.

या सगळ्यात एक काम मात्र दोघं मिळून करत. रविवारी सोलापुरी चादर धुतली जाई. ती दुहेरी, जाड, वाळली तरी जड. तिची घडी एकट्याला घालता येत नाही. दोन टोकं तू धर, दोन मी. ताणायची, झटकायची, मध्ये मोडायची, मग एकाने चालत येऊन आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची. अबोल्यातही हे चालू राहिलं. चादर कोणाच्याच बाजूची नव्हती.

त्याच सुमारास शाळेत खोकं आलं.

खोक्यात माणूस होता. म्हणजे अर्धा होता. कमरेपासून वर पांढऱ्या प्लास्टिकचा पुरा सापळा आणि खाली चाकांचं स्टँड. पाय पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात यायचे होते. सोबत तपकिरी-गुलाबी धाग्यांच्या जुड्या होत्या, पातळ, जाड, लांब, आखूड, आणि प्रत्येक जुडीच्या दोन्ही टोकांना अडकवायचा आकडा. हाडांवर जागोजागी बारीक कड्या. कुठली जुडी कुठल्या कडीत हे मुलांनी शोधायचं. नववीच्या वर्गाने त्याला पाहिल्या पाहिल्या 'सापळे सर' म्हणून शाळेत रुजू करून घेतलं. गळ्यात ओळखपत्रही अडकवलं.

खरी गंमत त्या धाग्यात होती. त्यातून वीज सोडली की तो आखडे, वीज थांबली की सैल पडे. आपल्या अंगातला स्नायूही तेवढंच करतो. त्याच्यातले असंख्य बारीक तंतू एकमेकांत सरकतात, जशी एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत सरकावीत, आणि स्नायू आखूड होतो. बास. ओढणं ही एकच विद्या त्याला येते. ढकलणं त्याला जन्मात जमलेलं नाही. आपण दार ढकलतो तेव्हासुद्धा आत कुठला तरी स्नायू कुठलं तरी हाड ओढतच असतो. म्हणून निसर्गाने त्यांच्या जोड्या लावून दिल्या. दंडाच्या पुढच्या बाजूचा द्विशिर स्नायू कोपर वाकवतो, मागच्या बाजूचा त्रिशिर ते सरळ करतो. एक ओढत असताना दुसऱ्याने सोडायचं असतं. दोघांनी एकदम ओढलं तर हात लाकूड होतो.

कोणी कधी ओढायचं आणि कधी सोडायचं हे सापळे सरांना माणसाकडून शिकावं लागणार होतं. त्यासाठी खोक्यात एक बाही होती. ती हातात चढवून रोजची कामं करायची. स्नायू हलताना विजेची जी कुजबुज होते ती बाही ऐके आणि सापळ्याच्या मेंदूला कळवी. पुढे सापळे सर त्याच चालीने हात हलवत.

आता प्रश्न आला की बाही घालायची कोणी. त्यासाठी शिक्षकांची सभा बसली.

"स्नायू हा विज्ञानाचा धडा आहे," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात आहे."

"मैदानावर," सर म्हणाले.

"शारीरिक शिक्षण विभागाला असं म्हणायचं आहे का, की स्नायू मैदानावर तयार होतात? मुख्याध्यापिकांनी त्यांना विचारावं." मॅडमची खुर्ची सरांच्या खुर्चीला चिकटून होती. मुख्याध्यापिका निकम मॅडम टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या.

"सर, तुम्हाला असं म्हणायचंय का?" निकम मॅडमनी विचारलं.

"हो."

"ते हो म्हणतात."

"ऐकलं मी."

निकम मॅडमनी आयुष्यभर एकच धोरण पाळलं होतं. कोणताही प्रश्न मधोमध कापला की तो सुटतो. त्यांनी धाग्यांची यादी समोर ओढली आणि निकाल दिला. "वाकवणारे स्नायू विज्ञानाकडे. सरळ करणारे स्नायू शारीरिक शिक्षणाकडे. सकाळी मॅडमनी बाही घालायची, दुपारी सरांनी. कोणावर अन्याय नाही. चहा सांगा."

खोक्यातली माहितीपुस्तिका वाचण्याची जबाबदारी दोघांची होती, म्हणून ती कोणीच वाचली नाही. ही दोघं एकमेकांशी बोलत असती तर सगळा घोटाळा चहा संपायच्या आत लक्षात आला असता. पण तसं असतं तर सभेचीच गरज पडली नसती.

सकाळी मॅडमनी बाही चढवून पेला उचलला, फळा पुसला, केसांचा अंबाडा घातला, तिघांचे कान धरले. सगळं त्यांच्या चालीने, म्हणजे झपाट्याने. दुपारी सरांनी तीच बाही चढवली. त्यांनी पेला उचलला तोही 'एक' आणि 'दोन' करून. 'एक'ला पेला वर, मग थोडा वेळ सावधान, 'दोन'ला खाली.

नववीच्या तासाला जुड्या अडकवायचं काम सुरू झालं तेव्हा सर मैदानावर होते. पण विज्ञानाच्या खोलीची खिडकी मैदानाकडे उघडते, आणि त्या दिवशी त्यांचा वर्ग बराच वेळ त्या खिडकीजवळच कवायत करत होता.

आत अन्विता सावंतच्या गटाने दंडाची जुडी मानेपासून खांद्यापर्यंत अडकवली. वीज सोडल्यावर सापळे सर नुसते खांदे उडवत राहिले.

"मॅडम, हे 'मला काय माहीत' म्हणतायत."

"बरोबरच आहे. तुम्ही त्यांना कोपर दिलंच नाहीत. स्वतःच्या दंडावर हात ठेवा. आता कोपर वाकवा. काय फुगलं? कुठून कुठपर्यंत? तिथे अडकवा. स्नायू सांधा ओलांडून पलीकडच्या हाडाला धरतो. आपल्याच घरात दोरी बांधून दुसऱ्याचं दार कसं उघडणार?"

पोरांनी स्वतःचे दंड चाचपले, एकमेकांचे चाचपले, थोडी मारामारी झाली आणि जुड्या जागच्या जागी बसल्या. खिडकीबाहेर सरांनीही नकळत आपला दंड चाचपून पाहिला. बाई शिकवतात बेस्ट, असं त्यांच्या मनात आलं. हे त्यांनी लग्नानंतर कधी बोलून दाखवलं नव्हतं. तसा शब्द त्यांच्या पाचांत नव्हता.

"सापळे सर," मॅडम म्हणाल्या, "पाण्याचा पेला उचला."

सापळे सरांचा हात झटक्यात निघाला, मध्येच ताठ झाला आणि थरथरायला लागला. मूठ वळली. पेला टेबलावर तसाच राहिला आणि सापळे सर मूठ उगारून नववीच्या वर्गाकडे पाहत राहिले.

"सरांना राग आलाय," अन्विता म्हणाली.

मॅडमनी सगळे आकडे तपासले. सगळं बरोबर होतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जुड्या बदलल्या, वीज कमी केली, स्टँड भिंतीला टेकवलं. सापळे सरांची मूठ उघडेना. शेवटी त्या निकम मॅडमकडे गेल्या. "सरांना विचारा, बाही घातली तेव्हा मधे मधे हात सैल सोडला होता का?"

निकम मॅडमनी मैदानावर येऊन विचारलं.

"हो," सर म्हणाले. त्यांच्या मते विश्राम म्हणजे सैल.

पंचाईत अशी की पुण्याहून डॉक्टर रुखसाना मुजावर त्याच आठवड्यात येणार होत्या. शीतल मॅडमचा वर्ग पाहायचा, सापळ्यावर त्या कसं शिकवतात ते पाहायचं आणि जाताना होकार किंवा नकार घेऊन जायचं, असा त्यांचा बेत होता. मॉडेल चाललंच नाही तर मॉडेल करायला बाईंना कोण नेणार?

सरांना हे कळलं तेव्हा ते चहा पीत होते. आणि त्यांना बरं वाटलं. हातच हलत नाही म्हटल्यावर बाई जात नाहीत. प्रश्न मिटला, एक शब्दही न बोलता. मग त्यांना आपल्याला बरं वाटलं याची जाणीव झाली आणि चहा कडू लागला. आयुष्यात कधी कोणाला पाय घालून पाडलं नव्हतं. कोणी दुसराच पाडतोय आणि आपण टाळ्या वाजवतोय, हे त्याहून बरं कसं? ते उरलेला चहा तसाच ठेवून उठले आणि विनाकारण मैदानाला फेऱ्या मारू लागले.

डॉक्टर मुजावर मूळच्या मिरजेच्या. बुटक्या, हसऱ्या, खांद्याला त्यांच्याहून मोठी पिशवी. त्या आल्या म्हणून निकम मॅडमनी सगळा शिक्षकवर्ग विज्ञानाच्या खोलीत भिंतीला उभा केला. त्यात सरही होते. शीतल मॅडमनी लपवाछपवी केली नाही. सापळे सरांना पेला उचलायला सांगितलं, मूठ वळलेली दाखवली आणि म्हणाल्या, "चूक कुठे आहे ते मला सापडलेलं नाही. मुलांनी जोडलंय ते मात्र बिनचूक आहे."

डॉक्टरांनी पिशवीतून एक पाटी काढून सापळ्याला जोडली. पाटीवर दोन रेघा हलू लागल्या. डॉक्टर त्या निरखत राहिल्या आणि मग मान वर करून म्हणाल्या, "याच्या अंगात दोन माणसं आहेत."

पहिल्या बाकाने माना लांब केल्या.

"एक घाईचं आहे. एक शिस्तीचं. दोघंही आपापल्या जागी उत्तम, तक्रारीला जागा नाही. पण पहिलं ओढायला लागलं तरी दुसरं सावधान सोडत नाही. एका माणसाच्या अंगात असं होत नाही. तिथे मणक्यातून एकाला 'ओढ' असा निरोप जातो, तेव्हाच दुसऱ्याला 'सोड' असाही जातो. इथे निरोपच जात नाहीत. ही दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत."

मागच्या बाकावर कोणीतरी फस्सकन हसलं. मग ते हसू बाकाबाकाने पुढे आलं. निकम मॅडम खिडकीबाहेरच्या झाडाचं निरीक्षण करू लागल्या.

"डॉक्टर, हे तुम्हाला पाटीवर दिसलं?" अन्विताने विचारलं.

"हो. का गं?"

"नाही, चौकात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

सभेत काय ठरलं होतं ते निकम मॅडमनी मग सांगून टाकलं. डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना पिशवीवर बसावं लागलं. "असं जगात कोणी केलं नसेल! तुमच्याकडे यंत्राचंही वाटणीपत्र होतं होय? आता उपाय सोपा आहे. कोणी तरी एकाने नव्याने बाही घालावी."

"एकाने म्हणजे कोणी? पुन्हा सभा घ्यावी लागेल," निकम मॅडम घाईघाईने म्हणाल्या.

"मग राहू दे. नाहीतरी मला बघायचंय. माझ्याकडे आणखी एक बाही आहे. तुम्ही दोघं एकाच वेळी घाला आणि दोघं मिळून एकच काम करा. कोण केव्हा ओढतं, कोण केव्हा सोडतं, ते सापळा ऐकेल. शिकला तर शिकला."

दोघांनी बाह्या चढवल्या. डॉक्टरांनी कप हातातून हातात द्यायला सांगितला. मॅडमनी झटकन पुढे केला, सर अजून 'एक'वर होते. कप फुटला. मग दोघांनी मिळून बाक उचलायचं ठरलं. मॅडमची बाजू वर गेली, सरांची 'एक'ची वाट पाहत खाली राहिली आणि बाकावरची दप्तरं अन्विताच्या पायावर आली. पाटीवरच्या रेघा एकमेकींवर गुरगुरत होत्या. मॅडमचा चेहरा पडत चालला. सरांनी तो पाहिला. असा चेहरा त्यांनी मैदानावर पुष्कळदा पाहिला होता, उडी हुकल्यावर पोराचा होतो तसा. तेव्हा त्यांचा हात आपोआप त्या पोराच्या पाठीवर जाई. इथे तो बाहीत अडकला.

"घरी दोघं मिळून काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

दोघं एकदम म्हणाले, "चादर."

खेळाच्या खोलीत आजारी पोराला झोपवायला एक सोलापुरी चादर होती. ती आणली. तिला आयोडीनचा वास येत होता. दोघांनी टोकं धरली, ताणली आणि झटकली. धूळ उडाली, पहिला बाक शिंकला. मध्ये मोडली. पुन्हा ताणली. सर नेहमीसारखे चालत पुढे गेले. मॅडमच्या बोटांत त्यांनी आपली टोकं दिली आणि टोकं नीट धरली गेली असं वाटल्यावर सोडली. हे सगळं इतकं मुकाट आणि इतकं जमून झालं की खोलीत कोणी हलेना. आधीच्या सगळ्या धडपडीत पहिल्यांदाच, पाटीवर एक रेघ वर जाताना दुसरी खाली येत होती.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "मुलांनो, ही सरांची रेघ. टोकं हातात देताना बघा. सोडताना ती एकदम शून्यावर आली का?"

"नाही," अन्विता पाटीला नाक लावून म्हणाली. "हळूहळू आली. सोडतानाही काम चाललंय."

"का बरं?"

मॅडमनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण उत्तर दुसरीकडून आलं.

"दंडोबाच्या डोंगरावर सहल गेली होती," सर म्हणाले. "चढताना काय झालं?"

मुलं चपापली. सर एवढं लांब वाक्य कधी बोलत नसत. "दम लागला, सर."

"मांड्या कधी भरल्या?"

"उतरल्यावर. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना."

"उतरताना मांडीचा स्नायू सोडत असतो. पण धरत धरत सोडतो. एकदम सोडला तर माणूस गडगडत खाली जाईल. म्हणून ओढण्यापेक्षा सोडणं जड. अंग दुखतं ते सोडण्याने." सर थांबले. आपण कोणाला शिकवतोय हे त्यांना आता नीटसं कळेना. "ज्याला ते जमत नाही तो धरून बसतो. नाहीतर हातातून टाकून देतो, आणि म्हणतो, मी सोडलं. ते सोडणं नव्हे. ते टाकणं."

'तुझी इच्छा' हे दोन शब्द त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसले. फुटलेल्या कपाच्या तुकड्यांसारखे.

"पुन्हा चादर," ते म्हणाले.

पुन्हा घडी घातली, मोडली, परत घातली. मुलं मोजायला लागली, मग मोजायचं विसरली. शेवटी डॉक्टरांनी बोट वर केलं. मॅडमनी टेबलावर पेला ठेवला, पाणी भरलं आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "सापळे सर, पेला."

सापळे सरांचा हात लगबगीने निघाला. मध्ये अडकला नाही. पेला वर गेला, क्षणभर अदबीने थांबला आणि सावकाश, धरत धरत, टेबलावर उतरला. थेंब सांडला नाही. नववीने असा गलका केला की टपरीवरच्या गिऱ्हाइकाने सवयीने कप खाली ठेवला.

त्या गलक्यात मॅडम सरांकडे वळल्या. बाही अजून हातात होती. गणूमार्फत किंवा निकम मॅडममार्फत नव्हे, थेट त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, मग मी काय करू?"

डॉक्टर मुजावर पाटीकडे पाहत असल्यासारखं करू लागल्या.

सर सावधानमध्ये उभे राहिले. जा, हा शब्द त्यांनी घशापर्यंत आणला. तो नेहमीप्रमाणे तिथेच बसला. एवढ्या पोरांना आयुष्यभर हलवणारा आवाज, आणि एक अक्षर सरकेना. मग त्यांनी ओळखीच्या वाटेने जायचं ठरवलं. छाती भरून घेतली.

"मोहिते मॅडम!"

काचा थरथरल्या.

"पुढे..."

उभ्या असलेल्या अख्ख्या नववीचा डावा पाय आपोआप वर गेला.

"...चल!"

आणि वर्ग चालू लागला. वर्षानुवर्षांची सवय होती, कोणाचा इलाज नव्हता. सगळी मुलं दारातून बाहेर पडून मैदानाकडे निघाली, त्यांच्यामागे भिंतीला उभे असलेले शिक्षक, आणि पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन त्यांना थांबवायला निकम मॅडम धावल्या. खोलीत राहिले ते सापळे सर, हसून डोळे पुसणाऱ्या डॉक्टर, आणि ही दोघं.

"हे घरी नीट सांगा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला होता. "कवायतीतलं चालणार नाही."

"सांगेन," सर म्हणाले. आणि खरंच सांगितलं. किती वाक्यं लागली ते बाहेर कळलेलं नाही, पण त्या संध्याकाळी गणूने तीनदा विचारलं की काही निरोप आहे का, आणि तिसऱ्यांदा दोघांनी मिळून त्याला 'गप' म्हटलं.

मॅडम पुण्याला गेल्या. एसटी विजेची होती, आवाज न करता निघाली. खिडकी अडकली होती, ती सरांनी बाहेरून जोर लावून उघडून दिली. "पोचल्यावर फोन," ते म्हणाले. त्यांच्या हिशेबी हे भाषण होतं.

मग रविवार आला. सरांनी चादर धुतली, वाळवली आणि तिच्याकडे पाहत बसले. एक टोक दाराच्या कडीला बांधून पाहिलं. कडी ताणते, पण पुढे येत नाही. शेवटी त्यांनी ती गोळा करून पिशवीत कोंबली, आणि पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या खोलीत गेले.

सापळे सर खिडकीशी उभे होते. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोन टोकं त्यांच्या हातात दिली. ताणली. सापळे सरांनी झटक्यात ओढली, अगदी बाईंसारखी.

"हळू," सर म्हणाले.

झटकली. मध्ये मोडली. सर चालत पुढे गेले. सापळे सरांना पाय नव्हते, तेव्हा चालणं सगळं सरांच्याच वाट्याला आलं. घडी छान पडली. मग सर चादर शनिवारीच धुऊन मैदानावर वाळत घालू लागले, आणि दर शनिवारी घडी पडू लागली. नववीला हे ठाऊक होतं. त्यामुळे शनिवारी शेवटचा तास संपला की अन्विता सापळे सरांचं स्टँड खिडकीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणून ठेवी, म्हणजे चादरीला जागा पुरते, आणि काही न बोलता घरी जाई.

एका शनिवारी मॅडमचा फोन तिथेच आला. पुण्याला गुडघ्याचा धडा तयार होत होता, पाय लवकरच पाठवणार होत्या, मेसमधली आमटी अळणी होती. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि चादर? घडी कोण घालतं तुमच्याबरोबर?"

"सापळे सर."

"नीट धरतात?"

"घाई करतात."

मॅडम हसल्या. "आणि सोडतात वेळेवर?"

"सोडतात," सर म्हणाले. घडी घातलेली चादर त्यांच्या दोन्ही हातांवर होती, अजून उन्हाने कोमट. "पण मांड्या भरतात."

"अहो, त्यांना मांड्या कुठायत?"

"मला आहेत," सर म्हणाले.